काष्टा, कॉर्सेट आणि बूट

दिवाळीच्या तोंडावर चाळीसगावच्या कापडबाजारातून एक फेरी मारा. दुकानादुकानांतून ‘शिवलेली नऊवारी’ टांगलेली दिसेल. पायजम्यासारखे पाय घालायचे, कमरेला नाडी बांधायची, की झाली नऊवारी! निऱ्या आधीच शिवलेल्या, काष्टा आधीच खोचलेला. मुली हौसेने घेतात, आणि दुकानदारही खुशाल सांगतो, “घ्या ताई, अगदी पणजीच्या काळची फॅशन!”

शिवलेल्या नऊवारीचे आम्हाला वावडे नाही. सणासुदीला कुणी हौस करावी, आपण कौतुकाने पाहावे. पण ‘पणजीच्या काळची’ हे शब्द ऐकले की आमचे कान टवकारतात. पणजी म्हणजे जणू देवघरातली मूर्ती, तिचे नेसणे जन्मोजन्मीचे ठरलेले, आणि फॅशन म्हणून जी काही चीज आहे ती पुढे नाती-पणत्यांनी घरात आणली, असा आपला एक गोड समज आहे. तो खरा नाही. दर आठवड्याला या पानावर जुन्यानव्याचा हिशेब मांडताना जागा अपुरी पडते. आज दिवाळी अंकाने हात सैल सोडला आहे, तेव्हा हा एक हिशेब सविस्तरच मांडू.

काळ घेऊ सुमारे १८७० ते १९१०. विलायतेत राणी व्हिक्टोरियाच्या राज्याची अखेरची तीस वर्षे आणि १९०१ ते १९१० ही तिच्या मुलाची, सातव्या एडवर्डची कारकीर्द. या चाळीस वर्षांत मराठी बाईच्या अंगावर जाकीट आले, पोलके आले, पायांत मोजे आणि बूट आले, हातात छत्री आली, कुठेकुठे परकर आणि गोल पातळही आले. यातली एकही वस्तू फुकट आली नाही. प्रत्येकीपायी कुणा ना कुणा बाईने हसे करून घेतले आहे. आमचे म्हणणे एवढेच, की या वस्तूंत नटण्याची हौस थोडी होती, रस्त्यावर पाऊल टाकण्याची परवानगी जास्त होती.

आधी विलायतेकडे पाहू, म्हणजे तुलनेला माप मिळेल. राणीच्या राज्यातली सुखवस्तू बाई कशी सजत असे? आत शेमीज, विजार, त्यावर कॉर्सेट, त्यावर आणखी एक झाकण, मग एकावर एक घागरे, आणि मग खरा झगा. कॉर्सेट म्हणजे देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पट्ट्या आणि पोलाद घालून शिवलेली एक चोळीवजा बेडीच. पाठीमागे नाड्या, आणि त्या ओढून कंबर जितकी बारीक होईल तितकी करायची. १८८० नंतरच्या काही वर्षांत कमरेमागे उशीसारखा आधार बांधून झगा मागे उंच करण्याची टूम निघाली. ती ओसरली, तर १८९५ च्या सुमारास बाह्या फुगल्या. खांद्याशी फुगा आणि मनगटाशी घट्ट. इंग्रज त्याला बकऱ्याच्या तंगडीची उपमा देत. एडवर्डच्या काळात नवे कॉर्सेट आले, त्याने बाईची छाती पुढे आणि कंबर मागे ढकलली. बाजूने पाहिले तर इंग्रजी ‘एस’ अक्षर! गंमत म्हणजे हे कॉर्सेट पोटाला आराम मिळावा म्हणून निघाले होते.

याला तिथल्याही बायका कंटाळल्या होत्या. १८८१ साली लंडनमध्ये लेडी हार्बर्टन यांच्या पुढाकाराने समंजस पोशाखाचा प्रचार करणारी एक संस्था निघाली. बाईच्या आतल्या कपड्यांचे वजन सात पौंडांपेक्षा, म्हणजे सव्वातीन किलोंपेक्षा अधिक नसावे, असा तिचा आग्रह होता. ही मर्यादा घालावी लागली, तेव्हा एरवी वजन किती असेल याची कल्पना करा. या संस्थेचा दुसरा आग्रह होता दुभागलेल्या झग्याचा. दोन पाय वेगळे राहावेत, चालता यावे, जिना चढता यावा, पुढे सायकल आली तेव्हा तीवर बसता यावे. लंडनला या दुभागलेल्या झग्याची टवाळी झाली. बाई असून पाय दोन असल्याचे दाखवते म्हणजे काय!

आता खानदेशात या. त्याच १८८१ साली गिरणेच्या काठी कपाशी वेचणारी बाई काय नेसली होती? अठरा हात लुगडे, म्हणजे नऊ वार, सव्वाआठ मीटर. टाके नाहीत, बटण नाही, नाडी नाही. पुढे निऱ्या, आणि मधला सोगा दोन्ही पायांतून मागे नेऊन खोचलेला काष्टा. पाय दोन, ते वेगळे, आणि त्याची लाज कुणालाच नाही. वाकावे, धावावे, बैलगाडीच्या साटीवर चढावे, डोक्यावर भारा घ्यावा, काही अडत नाही. लंडनच्या शहाण्या बायका ज्या दुभागलेल्या पोशाखासाठी व्याख्याने देत होत्या, तो आमची पणजी पहाटे उठून दिवा न लावता नेसत होती.

वर चोळी. खणाची, कोपरापर्यंत बाहीची, पुढे गाठ मारायची. खण म्हटला की गुळेदगुडचा. चोळी बेतायची ती जुन्या चोळीवरून, शिवायची ती बहुधा घरात किंवा ओळखीच्या शिंप्याकडे. बाईच्या अंगाला माप लावायला परका माणूस लागत नसे. ही बारीक गोष्ट ध्यानात ठेवा, तिच्यावरून पुढे बरेच घडले.

आणि खानदेशात एकच पोशाख होता असेही नाही. चाळीसगावच्या बाजारात लुगडे होते, तसा बंजारा बायकांचा आरसे लावलेला घागराही होता, आणि मारवाडी घरांतली ओढणीही. फैजपूर तर निळ्या आणि तांबड्या रंगकामासाठी नावाजलेले. रंग, काठ, पदर, नेसण्याची तऱ्हा यांवरून बाई कुठल्या गावची, कुठल्या घरची, सवाशीण की विधवा, हे बाजारातल्या गर्दीत दुरून ओळखू येई. लुगडे म्हणजे न बोलता दिलेली सगळी माहिती.

मग यात विलायत शिरली कुठून? आमच्या भागापुरते बोलायचे तर रुळांवरून. १८६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जी. आय. पी. रेल्वे चाळीसगावावरून भुसावळपर्यंत गेली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे, १८६१ ते १८६५, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. तेव्हा खानदेशी कपाशीला सोन्याचा भाव आला. इथून गाठी मुंबईला गेल्या, मुंबईहून लँकेशायरला, आणि तेच आमचे बोंड मलमल नि छिटाच्या रूपाने परत आमच्याच स्टेशनावर उतरले. १९०० साली चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाल्यावर तो माल धुळ्यापर्यंत थेट जाऊ लागला. रंगही बदलले. १८५६ साली पर्किन नावाच्या इंग्रज तरुणाने डांबरातून जांभळा रंग काढला, आणि १८९७ साली जर्मन कारखान्याने कृत्रिम नीळ बाजारात आणली. नवे रंग भडक आणि स्वस्त. ज्या रंगाऱ्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या निळीची पिंपे होती, त्यांना त्या पुडीशी बरोबरी करणे अवघड झाले. फॅशन बदलली की ती फक्त कपाटात बदलत नाही, कुणाच्या तरी चुलीतही बदलते.

तिसरी गोष्ट शिवणाचे यंत्र. सिंगरचे यंत्र शिंप्याच्या ओट्यावर आले आणि चोळीच्या शेजारी पोलके उभे राहिले. इंग्रजीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पोल्का नाचाची लाट होती, तेव्हा बायकांच्या आखूड जाकिटाला त्या नाचाचे नाव पडले. आपले पोलके त्याच घराण्यातले. म्हणजे ज्या आजीने जन्मात नाच पाहिला नाही, ती नाचाचे नाव अंगावर घालून देवळात जात होती! पोलके पोट झाकणारे, बटणांचे, कधी गळ्याशी कॉलर, मनगटाशी लेस, आणि विलायतेतल्या त्या फुगीर बाह्यांची आठवण देणारे फुग्याचे हात. पण त्याला माप लागे. म्हणून पोलके आधी शिकलेल्या, शहरी, नोकरदार घरांत शिरले, आणि गावात त्याला ‘मडमेचा पोशाख’ म्हणून नावे ठेवण्यात आली. चोळीत पोट उघडे राहते म्हणून इंग्रज पाद्रिणी नाक मुरडणार, आणि पोलके घालून पोट झाकावे तर शेजारीण नाक मुरडणार. बाईने करावे तरी काय?

खरी कसोटी मात्र पायांत होती. घरंदाज बाईने पायांत काही घालून रस्त्याने चालणे हा त्या काळी शिष्टाचाराचा भंग होता. जोडा आणि छत्री ही पुरुषाच्या मानाची चिन्हे. आता कल्याणच्या जोशी घराण्यातल्या आनंदीबाईंची गोष्ट पाहा. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी पोस्टातल्या गोपाळरावांशी लग्न. मुंबईत मिशनच्या शाळेत जाताना हातात पुस्तके आणि पायांत बूट-मोजे, म्हणून लोक खिडक्यांतून डोकी काढून पाहत, गाड्या थांबवत, हसत, ओरडत. हे त्यांनी स्वतःच १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या, म्हणजे कलकत्त्याजवळच्या सेरामपूरच्या, सभेत सांगितले. आपण अमेरिकेला का जात आहो हे सांगायला त्या उभ्या होत्या, आणि त्यात बूट-मोज्यांची गोष्ट सांगावी लागली, यातच सगळे आले. हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी त्या सभेत निक्षून सांगितले. वय वर्षे सतरा.

७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात नाव घातले. आता पेच पाहा. झगा घातला तर शब्द मोडला. नऊवारी नेसली तर पोटऱ्या उघड्या. आपल्याकडे त्याचे कुणाला काही वाटत नाही, पण त्या काळच्या अमेरिकेत बाईचा घोटा दिसणे म्हणजे अब्रह्मण्यम्! शिवाय तिकडची बर्फाची थंडी. आनंदीबाईंनी मधला मार्ग काढला. गुजराती पद्धतीने, पायघोळ नेसायला सुरुवात केली. साडी राहिली, पदर राहिला, कुंकू राहिले, आणि पाय झाकले. १८८५ साली कॉलेजात काढलेला एक फोटो जगभर प्रसिद्ध आहे. तीन विद्यार्थिनी, एक जपानची केई ओकामी, एक सीरियाची साबात इस्लांबूली आणि आपल्या आनंदीबाई, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. चारचौघांच्या दृष्टीने ते एक चित्र. पण आनंदीबाईंच्या अंगावरच्या त्या साडीत दोन खंडांतले टीकाकार, एक थंडी आणि एक वचन, यांचा तह झालेला आहे.

११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, पुण्याला क्षयाने गेल्या. पोशाखाने त्यांचा जीव घेतला असे कुणी म्हणू नये, आणि आम्हीही म्हणत नाही. पण एवढ्या कोवळ्या वयात, परक्या हवेत, अभ्यासाच्या ओझ्याखाली, आज काय नेसू म्हणजे कुणाचा विश्वासघात होणार नाही, याचीही चिंता ज्या बाईला वाहावी लागली, तिच्यावरचा भार कॉर्सेटपेक्षा हलका होता का?

दुसरे नाव पंडिता रमाबाईंचे. त्या १८८३ ला इंग्लंडला आणि १८८६ ला आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या. तिकडचे स्त्रीशिक्षण, तिकडच्या बायकांच्या संस्था यांचे त्यांनी तोंड भरून कौतुक केले. पण १८८९ साली मराठीत छापलेल्या त्यांच्या अमेरिकेच्या प्रवासवृत्तात तिकडच्या फॅशनची हजेरीही घेतली आहे. टोपीवर मेलेल्या पाखरांची पिसे, कधी अख्खी पाखरेच खोचून मिरवणाऱ्या बायका त्यांना मुळीच आवडल्या नाहीत. सुधारलेल्यांचे सगळेच सुधारलेले नसते, हे सांगायला त्या कचरल्या नाहीत. त्याच १८८९ साली इंग्लंडमध्येही काही बायकांनी याच पिसांविरुद्ध पक्षिरक्षणाची संस्था काढली, आणि १९०२ साली हिंदुस्थानातून पिसे बाहेर पाठवण्यावर सरकारने बंदी घातली. लंडनच्या टोपीसाठी आमच्या रानातला बगळा आणि मोर मरत होता, वाचकहो!

तिसरी आमच्या शेजारची, नाशिकची. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ चा, घर पारशी-ख्रिस्ती. १८८९ साली त्या ऑक्सफर्डला गेल्या त्या साडीतच, आणि १८९२ ला कायद्याची परीक्षा दिली तीही झगा न चढवता. धर्म बदलला म्हणजे पोशाख बदललाच पाहिजे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

पारशांचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. आज ज्या साडीला आपण भारतीय साडी म्हणतो, आत परकर, वर पोलके, खांद्यावरून पदर, तिच्या जन्मात मुंबईचा मोठा वाटा आहे. सत्येंद्रनाथ टागोर पहिले हिंदी आय. सी. एस. १८६४ साली त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी मुंबईला आल्या. पारशी बायकांचे नीटनेटके, बाहेर हिंडण्याजोगे नेसणे त्यांनी पाहिले, उचलले, थोडे फिरवले आणि बंगालला नेले. मुंबईने अशी सगळ्या देशाला साडी नेसवली, आणि मराठी बाई मात्र आपली नऊवारी सोडायला पुढची कित्येक दशके तयार नव्हती. कुणी याला मागासपणा म्हणेल. आम्ही म्हणू, जिच्यात चालता येते ती सोडून जिच्यात पाय अडकतात ती घेण्याची घाई कशाला? १९१० च्या सुमारास तर युरोपात घागऱ्यांची ओझी उतरू लागली होती. पॅरिसचा पॉल पॉरे कॉर्सेट काढून टाका म्हणत होता, आणि त्याच सुमारास घोट्याशी इतका अरुंद झगाही निघाला की बाईला टाकोटाक पाऊल टाकता येईना. फॅशन एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने काढून घेते, हे तेव्हापासूनचे.

मग आमच्याकडे फॅशनचा गुरू कोण? दोघे, आणि दोघेही पुरुष! पहिले राजा रविवर्मा. १८९४ साली त्यांचा छापखाना मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यांच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघर भिंतीवर लागल्या. देवीच काठापदराची साडी आणि नेटकी बाह्यांची चोळी घालून उभी, मग सुनेने तशी घातली तर सासू बोलणार कशी? उद्या लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडाल त्या तसबिरीकडे या दृष्टीने एकदा पाहा.

दुसरे बालगंधर्व. त्यांचे लहानपणचे काही शिक्षण आमच्या जळगावचे, हा खानदेशचा अभिमान. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत आले आणि १९११ ला ‘मानापमान’ मधली भामिनी झाले. त्यांचे नेसणे, पदर घेणे, केसांत गजरा माळणे घरंदाज बायकांनी उचलले. लंडनला १९०७ साली ‘मेरी विडो’ या संगीतिकेतल्या लिली एल्सीची भलीमोठी टोपी पाहून बायका वेड्या झाल्या, तसेच हे. फरक इतकाच, की तिथे नटी होती, इथे नट. बाईने रंगभूमीवर जायचे नाही, पण बाईने कसे दिसावे ते रंगभूमीवरच्या पुरुषाकडून शिकायचे! हसू येते खरे, पण त्या हसण्याच्या तळाशी थोडे टोचतेही.

आणि जिला यातले काहीच नव्हते ती? पांढरपेशा घरातली विधवा. तिला तांबडे आलवण, डोक्यावर केस नाहीत आणि अंगात चोळीही नाही. पोलक्याच्या बाह्या फुगीर असाव्या की बेतशीर, यावर माजघरात वाद चालू असताना त्याच घराच्या मागल्या दारी एक बाई आलवणाचा पदर ओढून हिवाळा काढत होती. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ ला मुंबईत निघाले आणि कर्व्यांचा आश्रम १८९६ ला पुण्यात. तिथे या बायकांना अक्षरओळख मिळाली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण घराबाहेर चारचौघांत मानाने वावरण्याचा हक्क मिळाला, हे तितकेच मोठे. त्या काळातली सर्वांत धीट फॅशन कुठली असे आम्हाला विचाराल तर आम्ही म्हणू, विधवेने घातलेली चोळी.

शेतकरी बाईची गोष्ट निराळी. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या, जन्म १८८० चा. म्हणजे आपल्या हिशेबातल्या काळातच त्यांचे बालपण आणि तारुण्य गेले. त्यांचा फोटो आपण पाहतो तो डोक्यावरून पदर घेतलेला. पोलक्याची लाट, बुटांची लाट, त्यांच्या शेतावरून गेली असेल किंवा नसेलही. लुगडे शेवटपर्यंत लुगडेच राहिले. अंगावर काय आहे यावरून डोक्यात काय आहे हे ओळखू पाहणाऱ्यांना हा एकच फोटो पुरे.

तर असा हा चाळीस वर्षांचा हिशेब. विलायतेची बाई कॉर्सेटमधून बाहेर पडण्यासाठी झगडत होती, आणि आपली बाई बुटात पाय घालण्यासाठी. दोघींना पाहिजे होते एकच: मोकळे चालता आले पाहिजे. म्हणून नातीने जीन्स घातली की ‘आमच्या वेळी नव्हते हो असे’ म्हणणाऱ्या आज्ज्यांनी जरा थांबावे. तुमच्या आजीच्या पोलक्यालाही कुणीतरी हेच म्हणाले होते. आणि नातींनीही नऊवारीला केवळ सणाचा पोशाख समजू नये. तो कामाचा पोशाख होता, आणि फार अक्कलहुशारीने बेतलेला होता.

जाता जाता एक विनंती. चाळीसगावच्या स्टेशनाजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचे घर आहे. १९१२ साली जन्मलेला आणि १९८९ ला गेलेला हा माणूस आयुष्यातली कितीतरी वर्षे त्या घराबाहेर पडला नाही, पण जे टिपले ते जपून ठेवले, आणि म्हणून आज आपल्याला पाहता येते. त्यांच्या गावच्या लोकांनी तरी जुने फोटो रद्दीत घालू नयेत. दिवाळीची झाडलोट करताना माळ्यावर, ट्रंकेच्या तळाशी एखादा पिवळा पडलेला फोटो सापडेल. काठ पाहा, बाही पाहा, पायांत काही आहे का पाहा. घरात जी सर्वांत म्हातारी बाई असेल तिला विचारा, ही कोण, केव्हाची, आणि हे पोलके घातले तेव्हा घरात कोण काय म्हणाले. ती सांगेल ते पेन्सिलीने मागे लिहून ठेवा, नाव आणि साल घालून. पेन्सिलीनेच; शाई फुटते. पुढच्या दिवाळीपर्यंत सांगणारी बाई असेलच असे नाही.

सर्व वाचकांना दिवाळीच्या शुभेच्छा!